केरूनाना छत्रे

मुलांनो, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी सावर्ड्यास मला भेटावयास आला होता. शाळेत असताना तो गणितात हुशार होता. पुढे खूप शिकला आणि आता एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन करतो. पडवीत बसल्यावर इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्याने हळूच आपल्या मनातला प्रश्न बाहेर काढला. संशोधन सोडून शाळेत शिकवावयास जावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. घरच्या मंडळींस ते पसंत नव्हते. इतके शिकून शेवटी मास्तरकीच करावयाची काय, असे त्यांचे म्हणणे. आणि खरे सांगावयाचे तर त्याचेही मन पुरते ठरले नव्हते.

मी त्यास हो म्हटले नाही, की नको म्हटले नाही. मी त्याला केरूनाना छत्रे यांची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हांस सांगतो.

अलिबागेपासून थोड्या अंतरावर, समुद्राच्या काठी, नारळी-पोफळींच्या बागांत नागाव नावाचे गाव आहे. तेथे १६ मे १८२४ रोजी केरूनानांचा जन्म झाला. त्यांचे खरे नाव विनायक लक्ष्मण छत्रे. परंतु लोक त्यांस केरो, केरोपंत किंवा केरूनाना असेच म्हणत आणि तेच नाव पुढे रूढ झाले. मुलांसाठी ‘बाळमित्र’ हे पुस्तक मराठीत आणणारे सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे याच घराण्यातले. केरूनानांचे आईबाप ते लहान असतानाच वारले. आप्तांच्या आधाराने हा पोरका मुलगा मुंबईस आला आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागला.

त्या विद्यालयात त्या वेळी दोन मोठे शिक्षक होते. एक आपल्याच कोकणातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र १८३२ साली काढणारे ते हेच. दुसरे आर्लीबार नावाचे इंग्रज प्राध्यापक. ते गणित आणि ज्योतिष शिकवीत. येथे ज्योतिष म्हणजे भविष्य सांगणे नव्हे. आकाशातील ग्रहताऱ्यांच्या गती मोजण्याचे शास्त्र. केरूनानांची बुद्धी आर्लीबारसाहेबांच्या नजरेत भरली आणि त्यांच्याच शिफारशीवरून हा कोवळ्या वयाचा विद्यार्थी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागला.

ही वेधशाळा म्हणजे काय होती, हे समजून घ्यावयास हवे. नाहीतर केरूनानांनी पुढे काय सोडले, ते कळणार नाही.

कुलाबा त्या वेळी मुंबईच्या टोकाशी असलेले एक बेट होते. १८३८ साली बंधारा घालून ते शहरास जोडले गेले. तेथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापन केली होती. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ सांगणे हे तिचे एक मुख्य काम. भर समुद्रात आपण पूर्वेस किती आलो आणि पश्चिमेस किती, हे खलाशांना घड्याळावरून कळे. पृथ्वी एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. तेव्हा घड्याळ चार मिनिटे चुकले की जहाज नकाशावर एका अंशाने चुकले, आणि एक अंश म्हणजे आपल्या बाजूस शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर. ताऱ्यांचे वेध घेऊन घड्याळे लावून द्यावयाची ती म्हणूनच.

१८४० नंतर तेथे आणखी एक काम सुरू झाले. दोरीला टांगलेली चुंबकसूची उत्तर दिशा दाखविते, हे तुम्ही शाळेत पाहिले असेल. पण ती अगदी स्थिर राहत नाही. सकाळी एका बाजूस, दुपारी दुसऱ्या बाजूस, अशी ती किंचित हलते. साध्या डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. वर्षावर्षांनी तिची दिशाही थोडी थोडी बदलत जाते. हे का होते याचा शोध लावण्यासाठी त्या काळच्या विद्वानांनी जगाच्या निरनिराळ्या भागांत एकाच पद्धतीने निरीक्षणे घेण्याचा मोठा उपक्रम आरंभिला होता. कुलाबा त्यांतले एक ठाणे. तासातासाला सूचीचे स्थान पाहावयाचे, उष्णतामापक पाहावयाचा, वायुभारमापक पाहावयाचा, आणि आकडा वहीत उतरवावयाचा. दिवस असो, रात्र असो, श्रावणातला पाऊस असो.

काम कंटाळवाणे वाटते ना? मलाही तसेच वाटे. परंतु एका माणसाने पाहिलेला एक आकडा काहीच सांगत नाही, आणि दहा वर्षांचे आकडे एकत्र मांडले की त्यांतून पृथ्वीच्या पोटातील गोष्टी बोलू लागतात. अशा जागी केरूनानांनी सुमारे दहा वर्षे काढली. आकडा जसा दिसला तसाच लिहावयाचा, मनासारखा करून लिहावयाचा नाही, हे त्या कामाचे पहिले व्रत होय.

१८५१ साली पुण्यात एक बदल घडला. विश्रामबाग वाड्यात १८२१ पासून चालत आलेली संस्कृत पाठशाळा आणि तेथील इंग्रजी शाळा एक करण्यात आली व पूना कॉलेज निघाले. त्याच्या जोडीला नॉर्मल स्कूल, म्हणजे खेडोपाडीच्या मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारा वर्ग होता. तेथे गणित आणि सृष्टिशास्त्र मराठीतून शिकविणारा माणूस हवा होता. केरूनाना त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी वेधशाळा सोडली आणि ते पुण्यास शिकवावयास गेले.

आता पाहा. एका पारड्यात उत्तम दुर्बिणी, विलायतेहून आलेली यंत्रे आणि जगातील विद्वानांशी जोडले गेलेले काम. दुसऱ्या पारड्यात एक फळा आणि समोर बसलेले, पागोटी घातलेले विद्यार्थी. त्यांतील पुष्कळांस अपूर्णांकही नीट येत नसतील. काही सोडावे लागले नाही, असे मी म्हणणार नाही. कुलाब्याच्या त्या निरीक्षणांतून पुढे जे शोध निघाले, ते दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले. चार्ल्स चेंबर्स नावाच्या अधिकाऱ्याने तेथील चुंबकीय निरीक्षणांवर मोठे लेखन केले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. केरूनाना तेथेच राहते तर काय झाले असते, हा विचार मनात येतो. अर्थात हेही खरे की कंपनीच्या राज्यात वेधशाळेच्या मुख्य जागेवर बहुधा गोरा साहेबच येत असे. वहीत आकडे भरणाऱ्या हाताला त्या आकड्यांवर ग्रंथ लिहावयास मिळेलच, अशी काही खात्री नव्हती.

पुण्यात त्यांस पहिली अडचण आली असेल ती भाषेची. आज तुमच्या पुस्तकात उष्णता, प्रकाश, गती, दाब असे शब्द सहज येतात. त्या काळी मराठीत विज्ञानाची पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. शिक्षकाने इंग्रजीत वाचावयाचे, ते स्वतः पचवावयाचे आणि मग ज्याने इंग्रजीचे एक अक्षरही पाहिलेले नाही अशा विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत समजावून द्यावयाचे. हे ज्याने केले नसेल त्याला ते सोपे वाटते. केरूनानांनी नुसते शिकविले नाही, तर शाळांसाठी पदार्थविज्ञानावर आणि अंकगणितावर मराठीत पुस्तके लिहिली. नॉर्मल स्कूलमधून शिकून गेलेला एकेक पंतोजी एकेका गावी जाई आणि तेथे पन्नास मुलांना शिकवी. अशा रीतीने विश्रामबाग वाड्यातील धडा सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतील शाळांपर्यंत पोहोचे.

मग केरूनानांचे संशोधन सुटले काय? नाही. मात्र त्याचे रूप पालटले. दुर्बीण गेली, कागद आणि बोरू राहिला. त्यांनी हाती घेतलेले काम घराघरातील भिंतीवर किंवा देव्हाऱ्याशेजारी असणाऱ्या एका वस्तूचे होते. ती वस्तू म्हणजे पंचांग.

तुमच्या घरी पंचांग असेल. त्यात प्रत्येक दिवसाची तिथी दिलेली असते. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. अशा तीस तिथी झाल्या की चांद्रमास संपतो. तेव्हा आज चतुर्थी किती वाजेपर्यंत आहे हे सांगावयाचे, तर चंद्र आणि सूर्य आकाशात नेमके कोठे आहेत ते ठाऊक पाहिजे. आपल्याकडे हे गणित शेकडो वर्षे ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून करीत. तो ग्रंथ लिहिणारे गणेश दैवज्ञ हेही कोकणचेच, मुरूड-जंजिऱ्याजवळील नांदगावचे. सुमारे १५२० साली त्यांनी तो रचला. ज्या आणि कोटिज्या यांची किचकट कोष्टके न वापरता साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढण्याची युक्ती त्यांनी शोधली होती, म्हणून गावोगावच्या जोशांना तो ग्रंथ फार सोयीचा झाला. जुन्या ग्रंथांचे गणित आकाशाशी जुळत नाही असे दिसल्यावर त्यांनी स्वतः वेध घेऊन ते सुधारले होते. परंतु त्यांच्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे गेली, आणि लोक ग्रंथ वापरीत राहिले. आकाशाकडे पाहावयाचे मात्र विसरले.

चूक केवढी? जुन्या सूर्यसिद्धान्तात वर्षाची जी लांबी मानली आहे, ती खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी अधिक आहे. साडेतीन मिनिटे म्हणजे काय, एक पेला दूध पिण्याइतका वेळ! परंतु शंभर वर्षांत तीच चूक साठत साठत पावणेसहा तासांची होते आणि हजार वर्षांत दोन दिवसांहून अधिक. चंद्राच्या आणि ग्रहांच्या गतीतही अशाच बारीक चुका साठल्या होत्या. पंचांगात ग्रहणाची वेळ एक दिलेली आणि आकाशात ते लागे दुसऱ्याच वेळी, असे प्रसंग येऊ लागले.

कुलाब्यास दहा वर्षे आकाश जसे आहे तसे वहीत उतरविलेल्या माणसाला हे कसे सहन व्हावे? युरोपातील ज्योतिषांनी नव्या वेधांवरून ग्रहांची जी कोष्टके तयार केली होती, ती केरूनानांनी अभ्यासली आणि त्यांच्या आधारे, आपल्या रीतीस जुळतील अशी, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत तयार केली. हा ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध झाला. यंत्रांवाचून, संगणकावाचून, शिकविण्याच्या कामातून उरलेल्या वेळात केलेले हे गणित आहे, हे ध्यानात घ्या. बेरजेत एक आकडा चुकला की पुढची पानेच्या पाने चुकावयाची. या कोष्टकांच्या पायावर शके १७८७, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने त्यांनी नवे पंचांग सुरू केले. त्यास पटवर्धनी पंचांग म्हणू लागले.

लोकांनी त्याचे स्वागत केले असेल, असे तुम्हांस वाटेल. तसे झाले नाही. केरूनानांनी राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून धरला होता. त्यामुळे त्यांच्या संक्रांती जुन्या पंचांगाहून सुमारे चार दिवस आधी येत, आणि कधी कधी अधिक महिनाही वेगळा पडे. म्हणजे शेजारच्या घरी श्रावण, तर आपल्याकडे भाद्रपद! वाडवडिलांपासून ज्या दिवशी श्राद्ध करीत आलो, सण करीत आलो, तो दिवसच चुकीचा, हे गृहस्थांनी एकाएकी कसे मान्य करावे? त्यांची भीती हसण्यासारखी नव्हती. आरंभाचा तारा कोणता धरावा याबद्दल तर विद्वानांतही मतभेद होते, आणि ते पुढे कित्येक वर्षे राहिले. केरूनाना हयात असेतोपर्यंत त्यांचे पंचांग थोड्याच लोकांनी चालविले.

मात्र ते बीज वाया गेले नाही. ते कसे, यासाठी पुन्हा वर्गात यावयास हवे.

पूना कॉलेजचे नाव १८६४ साली डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ पासून ते नदीपलीकडे येरवड्याच्या बाजूस नव्या दगडी इमारतीत भरू लागले. तेथे केरूनाना गणित आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक होते. गंमत पाहा, मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. तोवर केरूनानांचे शिक्षण केव्हाच आटोपले होते. म्हणून स्वतःपाशी पदवी नसलेला हा शिक्षक दुसऱ्यांना पदवीच्या परीक्षेसाठी तयार करीत असे. त्यांच्या विद्यार्थ्यांत रत्नागिरीस जन्मलेला एक निश्चयी तरुण होता. गणिताची त्याला फार आवड आणि केरूनानांवर त्याची फार भक्ती. तो तरुण म्हणजे बाळ गंगाधर टिळक. गोपाळ गणेश आगरकर हेही त्याच कॉलेजातले. या दोघा मित्रांनी सरकारी नोकरी न धरण्याचे ठरविले. रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलातील नोकरीचा राजीनामा देऊन आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यांस मिळाले, आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. तेथे टिळक स्वतः गणित शिकवीत. वकिलीची परीक्षा पास झालेला माणूस मास्तर झाला म्हणून तेव्हाही लोकांच्या भुवया उंचावल्या असतीलच.

केरूनानांस १८७७ साली सरकारने रावबहादुर ही पदवी दिली. १८७९ साली ते सेवानिवृत्त झाले. आपल्या विद्यार्थ्यांनी काढलेली शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९ मार्च १८८४ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

पंचांगाचा प्रश्न टिळकांनी सोडला नाही. राजकारणाच्या धामधुमीतही त्यांनी त्यासाठी वेळ काढला. १९०४ साली मुंबईस पंचांगशोधनासाठी विद्वानांची परिषद भरली, पुढेही अशा सभा झाल्या, आणि केरूनानांनी धरलेल्या रेवतीच्या ताऱ्यापासूनच गणित करणारे पंचांग आज टिळकांच्या नावाने चालते. आपल्या कोकणात काही घरी एखाद्या वर्षी इतरांच्या आधी महिनाभर गणपती येतो, हे तुमच्यापैकी कोणी पाहिले असेल. आमच्या सावर्ड्याकडील मुले मला त्याचे कारण विचारीत, आणि मग गणिताचा तास बाजूस ठेवून मी फळ्यावर बारा राशींचे वर्तुळ काढीत असे.

आणखी एक गोष्ट. कोकणातील दोन शाळामास्तरांनीही हेच काम पुढे नेले, असे मी एकदा वर्गात सांगून गेलो होतो. ते पुरते बरोबर नव्हते, म्हणून येथे सुधारतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोलीजवळच्या मुरूडचे, हे खरे. ते शिक्षकाची नोकरी करीत आणि त्यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा थोर ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध केला. परंतु दुसरे, व्यंकटेश बापूजी केतकर, यांची शाळामास्तरकी बागलकोटकडे झाली. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असावा असे गणित त्यांनी १९११ साली मांडले होते. वेधशाळा दोघांपैकी एकालाही लाभली नाही.

माझा तो विद्यार्थी हे सर्व ऐकून बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले की केरूनाना सोडून गेले, त्या कुलाब्याच्या वह्यांचे पुढे काय झाले? संशोधकालाच सुचावा असा प्रश्न. मी त्याला जे सांगितले ते असे.

त्या वह्या बंद पडल्या नाहीत. तासातासाला चुंबकसूची पाहण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. १८९६ साली नानाभाई मूस हे कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने नाजूक सूच्या थरथरतील आणि साठ वर्षांची निरीक्षणे पुढे निरुपयोगी होतील, हे त्यांनी ओळखले. शहरापासून दूर, पण फार दूरही नाही, अशी जागा त्यांनी शोधली. लोहाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड आणून तेथे इमारत बांधली आणि १९०४ साली चुंबकीय निरीक्षणे त्या नव्या ठिकाणी नेली. ती जागा अलिबागची. आजही तेथे ही नोंद चालू आहे. केरूनानांचे नागाव तेथून चालत दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे.